बिज्याच्या पायऱ्या

शिळ्या भाताला फोडणी दिली होती. सोमाजीने त्यातला अर्धा खाल्ला, उरलेला ताटाच्या कडेला सारला आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागला.

"बसा," त्याची बायको गुणाबाई म्हणाली. ती समोर सूप घेऊन तांदूळ पाखडत होती, मान वरही केली नव्हती. "तेवढं संपवा आन मग उठा."

"पोट भरलं वो मायं."

"भरलं होतं तर वाढून कायले घेतलं? ताट टाकून उठायचं नाई."

न्हाणीजवळ भांडी घासत बसलेली सून, कुंता, गालातल्या गालात हसली. या घरात हे रोजचंच होतं. गडचिरोलीच्या त्या आळीत सगळ्यांना ठाऊक होतं की गुणाबाईकडे जेवायला बसावं, पण पोटात जागा असेल तरच. पाहुणा असो, मजूर असो, जावई असो, वाढलेल्या ताटावरून ती कुणाला उठू देत नसे. एकदा गाद्या पिंजायला आलेला पिंजारी अर्धी भाकर टाकून निघाला, तर ही पदर खोचून त्याच्या मागे बाजारापर्यंत गेली आणि त्याला परत आणून पाटावर बसवलं. बायका पाणवठ्यावर ती गोष्ट अजून सांगत आणि हसत. काऊन असं करते म्हणून कुणी विचारलंच, तर गुणाबाई म्हणायची, "मले नाई चालत." एवढंच.

सोमाजीने नाइलाजाने पुन्हा मांडी घातली आणि तेवढ्यात दाराची कडी वाजली. तो सुटल्यासारखा उठायला गेला.

"तुमी बसा. मी पाहते," म्हणत गुणाबाईच उठली.

दारात वारलू वाढई उभा होता. खांद्यावर करवत, हातात खिळे उचकटायची सब्बल, बगलेत हत्यारांची पिशवी.

"रामराम बाई. मास्तरनं बोलावलं होतं. जिन्याचं काम आहे म्हने."

"जिन्याचं? मले तर कोनी बोललं नाई."

"मी बोलावलं माय," अंगणातून आवाज आला. शालिकराम अर्ध्या गालाला साबण लावून आरशासमोर बसला होता. प्राथमिक शाळेत मास्तर, आज रविवार. "सांगनारच होतो. ये गा वारलू भाऊ, आत ये."

जिना माजघराच्या कोपऱ्यात होता. उभा म्हणजे अगदी उभा. चढताना गुडघा छातीला लागे. कठड्याचं नाव नाही. वरच्या तुळईला बांधलेला एक जाड दोर खालपर्यंत लोंबत असे. एका हातात दोर, दुसऱ्या हातात धान्याची टोपली, असं चढायची घरच्यांना सवय झालेली. पायऱ्यांच्या फळ्या मधोमध झिजून पन्हळीसारख्या झाल्या होत्या. दोन फळ्यांच्या मध्ये नुसती फट, आणि आत मिट्ट काळोख. कारण जिन्याखालची जागा बाजूने कूड घालून पार बुजवली होती. बांबूच्या कामट्या, त्यावर माती, त्यावर सारवण. त्या फटीतून काही पडलं तर ते गेलंच. आत उंदीर होते, विंचू निघत. बोट घालायची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी नवे पैसे निघाले होते आणि गडचिरोलीत नवनव्या कचेऱ्यांचे बाबू येत होते. त्यातलाच जंगल खात्यातला एक, नागपूरकडचा, माडीवरची खोली पाहायला आला होता. बाबूला खोली आवडली. त्याच्या बायकोने मात्र खालूनच दोराला हात लावला, वर पाहिलं आणि म्हणाली, "अय्या, हा जिना आहे की विहीर?" आणि ती चढलीच नाही. मास्तरच्या मनाला ते फार लागलं. त्याने सागाच्या नव्या जिन्याची चौकशी केली, भाव ऐकून हात जोडले, आणि मग त्याच्या डोक्यात एक युक्ती आली.

"हे पाहा भाऊ," तो आता टॉवेलने तोंड पुसत वारलूला सांगत होता. "फळ्या जाड आहेत. वरून झिजल्या, पन खालची बाजू तर कोरीच असन ना? उलट्या करून ठोकायच्या. जवसाचं तेल पाजायचं. दोराच्या जागी बांबूचा कठडा. बाजूले गेरू. झाला नवा जिना."

"वा मास्तर! गोधडी उसवून उलटी शिवल्यावानी," वारलू म्हणाला.

"तसंच समज."

"आन पैसेही गोधडीचेच देनार का?"

सोमाजी ताटावरून खो खो हसला. घास टाळूला लागला, तरी गुणाबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती जिन्याकडे पाहत होती.

तो जिना तिला कधीच आवडला नव्हता, आणि त्याचं कारण उभा चढ हे नव्हतं.

गुणाबाईचं माहेर मार्कंड्याच्या अलीकडचं एक खेडं. बाप पत्रूजी धानाचा शेतकरी, बेताचा. पण त्याच्या हाताला एक खोड होती. धान कापून झालं, हात रिकामे झाले, की पटाशी आणि हातोडी घेऊन तो लाकडावर बसायचा. कुणी शिकवलं नव्हतं. मार्कंड्याच्या जत्रेला सगळे दर्शन घेऊन रेवड्या घ्यायला पळत. हा देवळाच्या कोरीव भिंतीपाशी मान वर करून उभा राही, तो बायको हात धरून ओढेपर्यंत. मग घरी येऊन नांगराच्या रुमण्यावर पोपट, दाराच्या चौकटीवर मासे, असं काहीतरी उमटे.

गुणाचं लग्न ठरलं तेव्हा त्याच्या शेताच्या बांधावरचा बिजा पडला होता. बिजा म्हणजे लालसर, जड, कठीण लाकूड. त्याला पाणी लागलं की लाल रंग सुटतो. त्या एका झाडाची पत्रूजीने लेकीसाठी संदूक केली. एवढी मोठी, की बैलांच्या रेंगीत चढवायला चार गडी लागले. झाकणावर नि चारी बाजूंनी हत्तींची रांग, हत्तींच्या पायाखाली मासे, वरून धानाच्या लोंब्या. देव एकही नाही. शेजारी म्हणाला, "पत्रू भाऊ, एखादा गनपती तरी काढा." तर म्हणाला, "संदुकीवर उद्या नातवंडं चढतीन. देवाले पाय लागतीन. हत्तीले चालते."

शेवटच्या दिवशी पटाशी घसरली आणि एका हत्तीची सोंड उडाली. पत्रूजी कपाळाला हात लावून बसला. गुणा जवळच होती. ती म्हणाली, "बाबा, याचं डुक्कर करा ना." बाप पोट धरून हसला, आणि त्याने खरंच त्याला सुळे काढून रानडुक्कर केलं. तेव्हापासून हत्तींच्या रांगेत एक डुक्कर चाले, मोठ्या ऐटीत.

सासरी पहिलं वर्ष गुणाने त्या संदुकीशेजारी अंथरूण घालून काढलं. झोप येत नसे. मग अंधारात हत्तींवरून बोट फिरवायची, डुक्कर सापडलं की डोळे मिटायची.

पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी गेली. शालिकला घेऊन चार-सहा महिन्यांनी परत आली, तर सासरच्या घराला माडी चढली होती, नवा जिना लागला होता, आणि संदूक नव्हती. तिची लुगडी नि खण एका गाठोड्यात बांधून खुंटीला टांगलेले. सासू, रुखमाबाई, म्हणाली, "उधई लागली तुझ्या बापाच्या लाकडाले. भुसा पडत होता. चुलीत घातली."

गुणा तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. सासूच्या तोंडावर बोलायची सोय नव्हती. ती चुलीपाशी बसली आणि धूर डोळ्यांत गेल्याचं सांगून रडली. माहेरी मात्र कळवलं नाही. बाबाने एवढ्या हौसेने केलेलं लाकूड वाळवीने खाल्लं, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

पुढच्या धानानंतर पत्रूजी लेकीकडे आला. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, असा त्यांच्यात रिवाज होता. आता नातू झाला होता, म्हणजे आता जेवायचा हक्क झाला. येताना त्याने नव्या धानाचे पोहे आणले, नातवाला चांदीचे वाळे आणले. गुणाने पहाटे उठून वडे, पाटोड्या, नव्या तांदळाची खीर केली. बाप पहिल्यांदा तिच्या हातचं तिच्या घरात जेवणार होता.

नातू माडीवर पाळण्यात झोपला होता. "जा ना व्याहीबुवा, पाहून या," रुखमाबाई म्हणाली.

पत्रूजीच्या खेड्यात माडीचं घर एकही नव्हतं. त्याला दोराचं काही समजलं नाही. शेतातल्या राखणीच्या माचीवर चढतात तसा तो जिन्याला भिडला, वरच्या पायरीला हातांनी पकडत, पायांनी रेटत, चारी हातापायांवर. रुखमाबाईने तोंडाला पदर लावला. "अस्वल चढून राह्यलं मोहाच्या झाडावर!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की पुढच्या सपरीत बसलेले पाहुणेही हसले. सोमाजी हसला. आणि खोटं कशाला बोला, गुणालाही हसू आलं. बाप खरंच तसा दिसत होता.

मधेच तो थांबला. तसाच, हात वरच्या पायरीला. लोकांना वाटलं, दम लागला. मग हळूहळू वर गेला, नातवाला पाहिलं, आणि खाली आला तो उलटा, पुन्हा तसाच, एक एक पायरी पकडत.

खाली गुणा पाट मांडून, ताट वाढून उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "गुणा, तुही संदूक कुठी आहे वो?"

तिने एक क्षणही लावला नाही. त्याचं मन मोडू नये एवढंच तिच्या मनात होतं.

"आहे ना बाबा. आत आहे. बरी आहे."

"बरी आहे?"

"हो जी. लुगडे ठेवते ना त्यात."

पत्रूजी पाटावर बसला नाही. "मायं पोट बरोबर नाई," म्हणाला, पागोटं उचललं, आणि भरलं ताट तसंच ठेवून निघून गेला. गुणा दारापर्यंत धावली. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

तो पुन्हा त्या घरात आला नाही. पोहे पाठवायचा, आंबे पाठवायचा, कुणाच्या ना कुणाच्या बैलबंडीत, स्वतः नाही. रुखमाबाई तोंड भरून बोलली: लेकीच्या घरचं अन्न झिडकारलं, एवढ्याशा थट्टेवरून! आणि गुणालाही तसंच वाटलं. लोकांसमोर तिला खाली मान घालायला लावली त्याने. हसली असेल ती, पण म्हणून भरलं ताट टाकायचं? पाय धरून वाढलं असतं की तिने. रागाने तीही माहेरी कमी जाऊ लागली. गेली तरी बापाशी कामापुरतं बोले. त्याने कधी काही विचारलं नाही. तिनेही नाही. दोन पावसाळ्यांनंतर तापाने पत्रूजी गेला. ती पोचली तेव्हा चितेची राखही थंड झाली होती. तेराव्याला तिची आई म्हणाली, "तुह्या घरून आला ना पोरी, त्या दिवसापासून त्यानं पटाशीले हात नाई लावला." गुणाला वाटलं, थट्टा एवढी लागली! आणि राग विझायच्या ऐवजी अजूनच धुमसत राहिला. तीस वर्षं होत आली, तो तसाच होता. कुणी ताटावरून उठायला लागलं की तिला बापाची पाठ दिसे.

आता वारलूने सब्बल घातली. खिळे कुरकुरले, खालची एक पायरी निघाली, दुसरी निघाली. त्याने त्या अंगणात नेऊन उन्हात टाकल्या. तीसेक वर्षांची धूळ, जाळी, उंदरांच्या लेंड्या.

"मास्तर, सागवान नोहे हा," वारलू ओरडला. "बिजा आहे! म्हनून टिकला. याले उधई तोंड नाई लावत."

गुणाबाईच्या हातातलं सूप थांबलं.

कुंताने भांडी घासायच्या नारळाच्या शेंडीने एक फळी खरवडायला घेतली, आणि ती एकदम हसून ओरडली, "आत्याबाई, या ना इकडे! हत्ती आहेत! जिन्याखाली हत्ती निघाले!"

गुणाबाई अंगणात आली. बादलीतलं पाणी तिने ओंजळीने फळीवर टाकलं. लाल रंग सुटला आणि बोटांवरून ओघळला. हत्ती. हत्ती. त्यांच्या पायाखाली मासे. ती खाली बसली आणि पदराने पुसत राहिली, एका फळीवरून दुसऱ्या फळीवर. अजून एक हत्ती, अजून एक. मग सुळे असलेलं, ऐटीत चाललेलं एक डुक्कर.

तिने त्यावर हात ठेवला.

"काय झालं माय?" शालिक म्हणाला.

तिने फळी आडवी धरली आणि तिची कड वरून पकडली, जशी जिन्याला न सरावलेला माणूस पकडतो. अंगठा वर, चार बोटं खाली, आतल्या बाजूला. तिची बोटं माशांवर आली. मग थोडी पुढे सरकवली, तर हत्तीचे पाय.

अस्वल चढून राह्यलं मोहावर. आणि मधेच थांबलं.

ज्याने ते मासे काढले त्याच्या बोटांना काळोखात ते ओळखायला किती वेळ लागला असेल? आणि तरी त्याने खाली येऊन विचारलं. सासूला नाही, जावयाला नाही, लेकीला विचारलं. लेक म्हणाली, बरी आहे. लुगडे ठेवते ना त्यात.

गुणाबाई उठली. तिचा आवाज अगदी साधा होता. "का जी," ती सपरीत जाऊन नवऱ्याला म्हणाली, "तुमाले माहीत होतं?"

सोमाजी सुपारी कातरत होता. अडकित्ता थांबला. "काय?"

"जिन्यात मायी संदूक आहे, हे."

त्याने एकदा अंगणाकडे पाहिलं, एकदा लेकाकडे. "अवो, ते किती जुनं झालं. माडी बांधता बांधता हात रिकामे झाले होते. जिन्याले लाकूड नव्हतं. माय म्हने, सुनेची संदूक घरात पडून आहे, तेवढ्यात भागते. घरातच तर राह्यलं ना लाकूड? बाहेर थोडी इकलं?"

"आन उधई?"

"ते मायनं सांगतलं तुले. मी काई नाई बोललो."

"हो," गुणाबाई म्हणाली. "तुमी काई नाई बोलले."

"आता मेलेल्या मानसावर काय बोलते तू..."

"मी मेलेल्यावर नाई बोलून राह्यली. मेले ते दोघंही. तुमी जिते आहा. माया बापाच्या नावानं मी इतके दिवस दात खाल्ले. ताट टाकून गेला म्हने! हा जिना रोज चढत होते तुमी, आन मले रागावतानी पाहात होते. एक दिवस नाई वाटलं, सांगावं हिले?"

सोमाजी चिडला. चूक धरली की तो नेहमी चिडे. "काय सांगाचं? तुह्या बापानंच म्हटलं होतं ना, पाय लागतीन म्हनून देव नाई काढले? लागले पाय! त्यात काय एवढं? लाकूडच होतं ना?"

जिन्याखालचा कूडही कशाला घातला होता ते आता गुणाबाईला आपोआप कळलं. रुखमाबाईला ती नक्षी खालून कुणाला दिसू द्यायची नव्हती. कुंता हळूच उठली. तिच्या माहेरची टिनाची पेटी माजघरात भिंतीशी होती. ती तिने ओढत आपल्या खोलीत नेली, आणि आतून पेटीला कुलूप लावल्याचा आवाज झाला.

शालिक मास्तर माणूस, त्याला वाटलं आपण समजूत काढावी. तो आईजवळ आला. "माय, जे झालं ते वाईटच झालं. पन पाह्य, आता हे चांगलंच होऊन राह्यलं. नक्षी वर येईन. तेल पाजलं की हत्ती चमकतीन. येनारा-जानारा म्हनन, कोनं केलं? आजोबाचं नाव होईन. आन नक्षीमुळं पाय पन घसरनार नाई."

"पाय घसरनार नाई?"

"हो ना. खरबरीत आहे ना ते."

गुणाबाईने आपल्या शिकलेल्या लेकाकडे पाहिलं. याच लेकाला पाहायला तो माणूस चारी हातापायांवर चढला होता. "म्हनजे आतापर्यंत पाठीवर पाय दिले," ती म्हणाली, "आता तोंडावर द्यान."

मास्तर गोरामोरा झाला. "मग काय करू मी? नवं लाकूड घ्याची ऐपत नाई. बाबूले पहिल्या तारखेपासून खोली देऊ म्हटलं आहे. तूच सांग."

ती सांगू शकली असती, की जिना राहू दे उघडा, बाबू गेला उडत, माझी संदूक मला परत जोडून द्या. सकाळपासून तिच्या छातीत तेच उसळत होतं. पण ती या घरात आयुष्य काढलेली बाई होती. खोलीचं भाडं कशाकशात जाणार ते तिला मास्तरपेक्षा जास्त ठाऊक होतं. आणि फळ्या खिळ्यांनी फाटल्या होत्या, मधोमध झिजल्या होत्या, करवतीने कापून सगळ्या एका मापाच्या केल्या होत्या. काही हत्ती अर्धेच होते. झाकण कोणतं, बाजू कोणती, हे आता पत्रूजीलाही लावता आलं नसतं.

दुपार झाली. कुंताने सगळ्यांना वाढलं. गुणाबाई जेवायला बसली, दोन घास खाल्ले, आणि ताट तसंच ठेवून उठली. कुंता घाबरून पाहत राहिली. सोमाजीही पाहत राहिला. इतक्या वर्षांत तिला ताटावरून उठताना त्याने पाहिलं नव्हतं. "अवो, ताट," तो म्हणाला. तिने हात धुतले आणि जिन्याच्या सांगाड्यापाशी जाऊन उभी राहिली.

वारलू तंबाखू मळत तिथेच बसला होता. त्याला काम संपवायचं होतं, आणि या घरातल्या भांडणात पडायचं नव्हतं. तरी तो म्हणाला, "बाई, एक करतो. नक्षी खालीच राहू देतो, होती तशी. वरून झिजल्या जागी लाकडी खोक्याच्या पातळ पट्ट्या ठोकून बरोबर करतो. किरान्याच्या दुकानात फुकटात भेटतीन खोके. मास्तरलेही महाग नाई पडनार."

"चालन," मास्तर लगेच म्हणाला.

"आन पाहिजे तर एखादी फळी काढून देतो तुमाले. ते डुकराची. पूजेत ठेवा, पाट करा..."

"एका फळीची संदूक होत नाई भाऊ," गुणाबाई म्हणाली.

वारलूने मान हलवली. त्याने डुकराची फळी उचलली, दोन दांड्यांच्या मध्ये तिच्या जुन्या जागी बसवून पाहिली, नक्षी खाली. खिळा अजून ठोकला नव्हता. कुडाला सकाळी सब्बल लागून एक भगदाड पडलं होतं. गुणाबाई वाकली आणि त्या भगदाडातून आत पाहिलं. आतल्या अंधारात उन्हाची एक तिरीप पडली होती, आणि वर, फळीच्या पोटाशी, ओल्या लाल लाकडावर ते डुक्कर हत्तींच्या मधून चाललं होतं. ती पाहत राहिली. वरून एखादा उंदीर पळाला, माती पडली, तरी ती हलली नाही.

"माय," शालिक मागून म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "तुले काय पायजे ते सांग ना. मी करतो."

ती सरळ झाली. तिने पदराने हात पुसले. बोटांना अजून लाल रंग होता. तिने लेकाकडे पाहिलं, सपरीतल्या नवऱ्याकडे पाहिलं नाही.

"मी हा जिना आता चढनार नाई," ती म्हणाली. "खालचा कूड काढून टाका, आन मायी झोपाची बाज तिथी, हत्तींखाली टाका."